उस्मानभाई, तुम्ही सांगितलेली किंमत

उस्मानभाई,

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. हा अर्ज नव्हे. त्यामुळे यात मी कोणाचीही क्षमा मागणार नाही. दोह्यात मी इतकी वर्षे लोकांचे अर्ज लिहीत आलो आहे आणि त्या प्रत्येक अर्जाचे पहिले वाक्य क्षमायाचनेचे असते. चूक कोणाचीही असो, "माझ्याकडून कळत-नकळत घडलेल्या प्रमादाबद्दल क्षमस्व" असे लिहिल्याशिवाय वरची माणसे दुसऱ्या वाक्यापर्यंत पोहोचत नाहीत, हा माझा अनुभव आहे. याच वाक्यावरून आपले बिनसले. म्हणून तुमच्याविषयी लिहिताना ते मी गाळले आहे. हा तुमचा मान समजा किंवा माझा राग समजा. दोन्ही अर्थ मला मान्य आहेत.

तुमच्या पुतण्याचा फोन आला तेव्हा मी माझ्या टायपिंगच्या दुकानात एका ड्रायव्हरचा रजेचा अर्ज करत होतो. पुतण्या म्हणाला, "चाचा फजरच्या नमाजाला उठला नाय." मी विचारले, आजारी होते का? तो म्हणाला, "नाय. पण जेवत नव्हता नीट. तुमच्या गावात अडाकला होता त्याचा जीव." तुमच्या गावात म्हणजे दोह्यात. म्हसळ्याजवळच्या आपल्या स्वतःच्या घरात, स्वतःच्या माणसांमध्ये बसून तुम्ही जीव इकडे अडकवून ठेवला होता. फोन ठेवल्यावर मी त्या ड्रायव्हरच्या वडिलांच्या नावाच्या जागी तुमचे नाव टाइप केले. त्या गृहस्थाला वाचता येत होते म्हणून निभावले.

लोक मला विचारतात, तुमचे त्यांचे नाते काय? मी कोकणातला नाही, मुसलमान नाही, आणि हत्यारांतले मला काही कळत नाही. मी उदगीरकडचा, नववीपर्यंत शिकलेला आणि पुढचे सर्व स्वतःच्या बुद्धीने मिळवलेला मनुष्य आहे. या देशात मी मेसईदच्या कारखान्यात हेल्पर म्हणून आलो. एका शुक्रवारी खोलीतल्या सोबत्याचे पत्र घेऊन तुमच्या दुकानी पोहोचलो, कारण तो सोबती तुमच्या गावाकडचा होता आणि पत्र तुमच्यामार्फत गावी धाडायचे होते. तुम्ही ते उघडून वाचलेत. दुसऱ्याचे पत्र वाचू नये एवढाही संकोच तुम्हांला नव्हता. वाचून झाल्यावर विचारलेत, "हे कोनी लिवलंय?" मी म्हणालो, मी. तुम्ही माझे हात पाहिलेत, नखांत काळे तेल होते, आणि म्हणालात, "अक्षर चोरासारखं गोड हाय तुजं. हातोडी सोड."

पुढे तुम्हीच तुमच्या मालकांना, अरबाबांना, सांगून मला ओळखीच्या टायपिंगवाल्याकडे टेबल मिळवून दिलेत. आज ते दुकान मी चालवतो. रास लफानपासून माणसे बस बदलत माझ्याकडे येतात, कारण माझ्या अर्जाला उत्तर येते. ही खुर्ची तुमच्या शब्दावर उभी आहे, हे मी तुमच्या हयातीत एकदाही म्हटले नाही. तुम्हीही ते ऐकण्याची वाट पाहिली नाहीत. मला "वकील" म्हणत राहिलात, आणि त्या शब्दात थट्टा किती आणि कौतुक किती हे मला शेवटपर्यंत ठरवता आले नाही.

सूक वाकिफ या जुन्या बाजाराच्या आतल्या गल्लीतले ते दुकान ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी लिहितो. भिंतीवर खंजीर आणि वाकड्या तलवारी, कोपऱ्यात ठासणीच्या बंदुका, आणि काचेच्या कपाटात रीतसर नोंद केलेली, गोळी सुटू नये अशी केलेली काही जुनी रिव्हॉल्व्हरे. मागच्या खोलीत एक बुटके स्टूल, एक दिवा, एक भिंग आणि तुम्ही. दुरुस्ती आणि साफसफाई हे तुमचे काम होते. पण लोक तुमच्याकडे येत ते किमतीसाठी. वस्तू विकायची असो वा घ्यायची, "उस्मान काय म्हणतो" हे ऐकल्याशिवाय त्या गल्लीत सौदा पुरा होत नसे. आणि याचा तुम्हांला गर्व होता. लोक आता तुम्हांला साधा माणूस म्हणू लागले आहेत. मेल्यावर सर्वांनाच साधे करतात. तुम्ही साधे नव्हता. तुम्ही दुकानात आलेल्या गोऱ्या साहेबाला त्याने मोठ्या हौसेने आणलेले हत्यार परत देत म्हणाला होता, "ही बंदूक नाय साब, बारात है. तीन घर का लोग है इसमें." नळी एकीची, चक्री दुसरीची आणि मूठ तिसरीची होती. साहेब हसला नाही. तुम्ही मात्र माझ्याकडे पाहून दिवसभर हसत होता.

मला शिकवण्याचाही तुम्ही प्रयत्न केलात. "वकील, चमक बगू नको. चमक कोन पन आनतो. आदी स्क्रूच्या खाचा बग. खाच कुरतडली असंल तर समज, न कळनाऱ्यानं उगडलंय. मग नंबर बग, सगळीकडं येकच हाय का. मग घोडा हळू मागं घे आन् चक्री हलवून बग, दात हलल्यासारकी हलते का." पॉलिश करून नवे केलेले हत्यार पाहिले की तुम्हांला मयत नटवल्यासारखे वाटे. जुनेपणा घासून काढला की वस्तूची किंमत निम्मी होते, हे ऐकून मला आश्चर्य वाटले होते. माझ्या धंद्यात सर्व कौशल्य घासण्यातच आहे.

आपला वाद तिथूनच सुरू झाला असावा. तुम्ही म्हणत होता, किंमत सांगताना मालकाच्या तोंडाकडे पाहायचे नाही. वस्तू कोणाची आहे हे कळले की डोळा बिघडतो. मी म्हणत होतो, उस्मानभाई, ज्याला सांगायचे त्याचे तोंड पाहिल्याशिवाय सांगितलेली गोष्ट खरी असूनही निरुपयोगी असते. समोरच्याला जेवढे पेलेल तेवढेच लिहावे, हे मी प्रत्येक अर्जात पाळतो. तुम्ही म्हणायचात, "तुजा अर्ज वाचून फाईलमदी जातो. माजी किंमत ऐकून मानूस घर विकतो." मी म्हणायचो, माझ्या अर्जाने माणूस देशात राहतो. यावर तुम्ही करक, म्हणजे कडक दुधाळ, चहाचा कप माझ्यापुढे सरकवायचात. तुमच्याकडे वाद मिटवण्याची एवढीच रीत होती.

आता तुमच्या पत्नीचा, सकीनाभाभींचा, उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येणार नाही. अरबाबांच्या कृपेने त्या उतारवयात तुमच्याकडे राहायला आल्या आणि काही वर्षांत इथेच गेल्या. गावी न्यायचे की इथे ठेवायचे, असे अरबाबांनी विचारले तेव्हा तुम्ही म्हणालात, "जितं मी, तितं ती." त्या वाळूत त्यांना ठेवले. त्यानंतर प्रत्येक शुक्रवारी दुपारची नमाज आटोपून तुम्ही कबरस्तानात जात होता आणि तिथून माझ्या दुकानात. तुम्ही तिथले काही सांगत नव्हता आणि मीही विचारत नव्हतो. त्या वेळी चहा मी मागवायचो. एवढेच.

म्हणजे दोह्यात राहणे ही तुमच्या बाबतीत केवळ नोकरीची बाब उरली नव्हती. इथे राहण्याचा तुमचा परवाना त्या दुकानावर होता. साठी उलटलेल्या माणसाला दुसरे कोणी ठेवून घेणार नव्हते. दुकान सुटले असते तर देश सुटला असता, आणि देश सुटला असता तर ती कबर. हे तुम्हांला माहीत होते, मला माहीत होते, आणि अरबाबांच्या दोन्ही मुलांनाही माहीत होते.

अरबाब वारले. वाटणी आली. थोरला खालिद हिशेबी. धाकटा जासिम बापाचा लाडका आणि तुमच्या मागच्या खोलीत वाढलेला. तुम्हांला तो "चाचा" म्हणे, तेही आपल्याकडच्यासारखे. अरबाबांच्या कपाटात लाल मखमलीवर एक रिव्हॉल्व्हर होते. विलायती, जड, मुठीला हस्तिदंत. ते अरबाबांच्या वडिलांना मोत्यांच्या व्यापाराच्या काळात एका इंग्रज अधिकाऱ्याने जहाजावर भेट दिले, ही कथा त्या घरात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याने ऐकली होती. मी स्वतः ती चार वेळा तरी ऐकली आहे, आणि प्रत्येक वेळी तो अधिकारी थोडा अधिक मोठा झालेला असे.

जासिमला वाटणीत दुसरे काही नको होते. ते रिव्हॉल्व्हर आणि दुकान, एवढेच. खालिदने म्हटले, रिव्हॉल्व्हर घे, त्याची जी रास्त किंमत होईल ती तुझ्या हिश्शातून वळती होईल. तो स्वतःच साठ हजार रियाल म्हणत होता. तेवढे वळते झाले की जासिमच्या हिश्शात दुकान बसत नव्हते, ते खालिदकडे जात होते. यात काही बेकायदा नव्हते. कथेसह ते हत्यार कोणा हौशी माणसाने साठ हजाराला घेतलेही असते. आणि किंमत ठरवण्यासाठी दोघांनाही मान्य असा एकच माणूस होता.

मजलिशीच्या, म्हणजे किंमत ठरवण्याच्या घरच्या बैठकीच्या, आदल्या संध्याकाळी तुम्ही माझ्याकडे आलात. मी तुम्हांला दोन मार्ग दिले होते, ते आज पुन्हा मांडतो, कारण ते आजही मला बरोबर वाटतात. पहिला, सकाळी खालिदला एकट्याला गाठा, तुमचे मत त्याच्या कानात घाला, आणि मजलिशीत तो म्हणेल त्याला मान हलवा. दुसरा, दोन किमती सांगा: लोखंडाची एक आणि नावाची एक. मग भावांनी आपसांत काय ते पाहावे.

तुम्ही विचारलेत, "नावाची किंमत कोन करनार? तू?"

मी म्हणालो, "मी केली तर चांगली करीन."

"ते ठाऊक हाय मना." आणि मग, "अरबाबचा पोर फुकट दुकान गमावनार, वकील. एका गोष्टीपायी."

मी म्हणालो, "गोष्ट त्याच्या बापाची आहे. गमावू द्या त्याला."

तुम्ही चहा संपवून उठलात. मला वाटले, पटले.

मजलिशीत तुम्ही मला सोबत नेलेत. काही लिहायची वेळ आली तर असावा म्हणून. खालिद मधोमध, जासिम त्याच्या डावीकडे, भिंतीला टेकून नात्यातली वडीलधारी माणसे. गहवा, म्हणजे अरबी कॉफी, फिरला. खालिदने मखमल तुमच्यापुढे ठेवली आणि आपल्या माणसांकडून उचललेल्या हिंदीत म्हणाला, "उस्मान, बाबा का है ये. मैं बोला साठ हजार. जासिम भी बोला ठीक. अब तुम बोलो."

"ठीक" म्हणायचे होते, उस्मानभाई. एक शब्द. तुम्ही खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढलात.

तुम्ही मुठीचा हस्तिदंत उतरवलात, भिंग लावून त्याखालचा शिक्का पाहिलात, चक्रीचा नंबर पाहिलात, नळीचा पाहिलात, सर्व पुन्हा जसेच्या तसे बसवलेत आणि हात पुसलेत. मला खात्री आहे की तुम्हांला हे सर्व आधीच माहीत होते. कित्येक वर्षे ते हत्यार तुम्हीच साफ करत होता. तरीही तुम्ही ते पुन्हा उघडलेत, कारण न पाहता किंमत सांगायची नाही हा तुमचा नियम होता. मग कोणाच्याही तोंडाकडे न पाहता म्हणालात, "आठ हजार."

खालिद म्हणाला, "और दादा को इंग्लिश साब दिया, वो?"

"वो मैं नहीं जानता. लोहा जो बोला, मैं बोला."

"लोहा क्या बोला?"

इथे तरी थांबायचे होते. तुम्ही म्हणालात, "लोहा बोला, मैं दादा के मरने के बाद बना."

वडीलधाऱ्यांपैकी एकाने हातातला फिंजान, गहव्याचा छोटा पेला, खाली ठेवला. खालिद रागावणार हे मला अपेक्षित होते. त्याचे दुकान हातचे जात होते. पण उठला तो जासिम. ज्याच्यासाठी तुम्ही हे केलेत, ज्याचे दुकान वाचत होते, तो. त्याचा चेहरा मी विसरू शकत नाही. लहान मुलाला भर लग्नात कोणी मारावे तसा तो झाला होता. "चाचा," तो म्हणाला, "मेरा बाप झूठ बोला?"

"तेरा बाप सुना हुआ बोला, बेटा."

"सब के सामने?"

किंमत सांगताना तोंडाकडे पाहायचे नाही हा नियम इथे संपत होता, आणि त्याच्यापुढे काय करायचे हे तुम्हांला कोणी शिकवले नव्हते. ते मला येत होते. तुम्ही माझ्याकडे वळूनही पाहिले नाहीत.

आठवड्याभरात निरोप आला की तुमचा परवाना वाढवला जाणार नाही. निरोप खालिदचा होता, कारण वाटणी पुरी होईपर्यंत दुकानाचे कागद थोरल्याच्या सहीने चालत. पण जासिमने एका शब्दाने त्याला अडवले असते, आणि त्याने अडवले नाही.

त्यानंतर मी जे केले त्याबद्दल तुम्ही मला मरेपर्यंत माफ केले नाहीत, असे पुतण्याच्या बोलण्यावरून दिसते. म्हणून तेही इथे सविस्तर सांगतो.

मी खालिदकडे गेलो. आयुष्यात पहिल्यांदा कागद न घेता. गहवा माझ्या हातात आला आणि मी तो न पिता समोर ठेवला. या देशात त्याचा अर्थ सर्वांना कळतो: मागणे घेऊन आलो आहे, आणि ते मान्य होईपर्यंत तुमच्या घरचे पिणार नाही. पाहुणा असा बसला की यजमानाला विचारावेच लागते. एका परदेशी टायपिंगवाल्याने हे करावे, हे त्याला चमत्कारिक वाटले असेल. पण रीत ती रीत. खालिदने त्या फिंजानकडे पाहिले. मग म्हणाला, "उस्मान के लिए?"

मी म्हणालो, "उसकी बीवी इधर दफन है."

"मालूम है मुझे." आणि पुढे, "एक लाईन लिख के दे. बोले, आँख कमज़ोर हो गई, देखने में ग़लती हुआ. खलास. मैं सबको दिखाएगा, जासिम को भी. आदमी रहेगा. दुकान में बैठेगा. पीओ."

मी प्यायलो.

उस्मानभाई, तो गहवा कोमट झाला होता आणि त्याच्याइतकी चांगली चव मला पुन्हा कशाला आली नाही. मी धावत तुमच्याकडे आलो. चार ओळींचा अर्ज रस्त्यातच मनात तयार झाला होता, तो वाटेत दुकानात शिरून टाइप केला. तुम्ही स्टुलावर बसून तो वाचलात, आणि विचारलेत, "गहवा प्यालास?"

"प्यायलो."

"माज्या वतीनं?"

"तुमच्याच वतीने. मग कोणाच्या?"

"माज्या तोंडानं पिनारा तू कोन?"

मी म्हणालो, "उस्मानभाई, हा कागद आहे. उद्या तो फाईलमध्ये जाईल आणि कोणी पुन्हा वाचणार नाही. तुमचा डोळा तुमच्याकडेच राहील. सही करा."

"डोळा गेला असं लिवलंस तू."

"सगळेच असे लिहितात. मी सगळ्यांसाठी असेच लिहितो. त्यात खरे कोणी धरत नाही."

"म्हंजे तुज्या कागदावर खरं काईच नसतं."

हे वाक्य तुम्ही माझ्या अख्ख्या जन्माला उद्देशून बोललात. मी ते पचवले, कारण पुढचे महत्त्वाचे होते. मी म्हणालो, "सकीनाभाभींसाठी तरी."

तुमचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरे झाले असते. तुम्ही म्हणालात, "शुक्रवारी काय सांगू तिला? तुज्यापासी ऱ्हायचं म्हनून आंदळा झालो?"

मी अर्ज तिथेच ठेवून निघून आलो. तुम्ही सही केली नाहीत. खालिदने मला निरोप पाठवला की गहवा पिऊन शब्द न पाळणारी माणसे त्याच्या दारात पुन्हा येऊ नयेत. त्याच्या घरचे काम तेव्हापासून मला मिळत नाही, पण तो मुद्दा नाही. मुद्दा असा की माझा शब्द तुम्ही मोडलात, आणि तुमचा शब्द मोडू नये म्हणून मोडलात. यात न्याय कुठे होता, हे तुम्ही मला कधीच सांगितले नाहीत. विमानतळावर मी आलो नाही. तुम्ही बोलावलेही नव्हते. इकडून तिकडून ऐकले की सामान एका पिशवीत मावले आणि भिंग तुम्ही दुकानातच ठेवून गेलात.

तुमच्यावाचून पुढे काय झाले ते तुम्हांला कोणी कळवले की नाही, मला ठाऊक नाही. जासिमने ते रिव्हॉल्व्हर साठ हजारालाच घेतले. तुमच्या आठ हजारांत घ्यायला त्याने नकार दिला. कमी किमतीत घेणे म्हणजे बाप खोटा होता हे कबूल करणे, असे तो वडीलधाऱ्यांपुढे म्हणाला. तेवढे हिश्शातून वळते झाले, आणि दुकान खालिदकडे गेले. आता तिथे अत्तरे आणि भुसा भरलेले खेळण्यातले उंट मिळतात. तुमच्या मागच्या खोलीत खोकी ठेवली आहेत. तुम्ही जे वाचवायला निघाला होता ते वाचले नाही, आणि जे तुमच्या हातात होते तेही गेले. रास्त किंमत होती, उस्मानभाई. ती कोणीच दिली नाही आणि कोणीच घेतली नाही. माझ्या इतक्या अर्जांपैकी एकही असा वाया गेलेला मला आठवत नाही.

तुमच्या जाण्याची बातमी कळल्यावर जासिम माझ्या दुकानात आला. रांग होती, तो रांगेत उभा राहिला. त्याची पाळी आल्यावर समोर बसला आणि म्हणाला, "अकेले में बोलता मुझे. बस. मैं साठ देता और चुप रहता." मी मनात म्हणालो, हेच मी म्हणत होतो. मोठ्याने मी ते बोललो नाही. ज्याच्याकडून मला हे ऐकायचे होते तो तो नव्हता.

मग त्याने विचारले, "चाची की कबर किधर है? मुझे जाना है. यल्ला, चलो."

मला माहीत नाही, असे मी म्हणायला हवे होते. पण समोर बसलेला माणूस असे काही विचारतो तेव्हा मी नाही म्हणत नाही. आम्ही त्याच्या गाडीतून गेलो. तो बरोबर असल्यामुळे मला कोणी अडवले नाही. आत मातीचे उंचवटे होते, ओळींनी, दूरवर. डोक्याशी एकेक ओबडधोबड दगड आणि कुठेही नाव नाही. तुमच्याकडे अशीच पद्धत असते हे मी ऐकून होतो, पण इतकी माणसे नावाशिवाय पडलेली मी कधी पाहिली नव्हती. माझ्या धंद्यात नावाशिवाय काहीच होत नाही.

रखवालदाराने विचारले, कोणती? जासिमने माझ्याकडे पाहिले.

तुम्ही इतक्या शुक्रवारी इथून माझ्याकडे आलात. कुठली ओळ, कुठला दगड, हे मी एकदाही विचारले नाही. आपण वाद घालत होतो स्क्रूच्या खाचांवर.

मी चालत गेलो. डाव्या हाताला, भिंतीपासून थोडे आत, एका कबरीवरची माती जरा बसलेली होती. मी तिथे थांबलो आणि म्हणालो, "ही."

जासिम गुडघ्यांवर बसला. त्याने हात पसरले, दुआ मागितली, बराच वेळ तो काही बोलत राहिला. मला तुमचे नाव दोनदा ऐकू आले. तो रडला. उठला तेव्हा त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, "शुक्रन. अब ठीक है." खरोखरच त्याला बरे वाटले होते. कोणाची होती ती कबर, मला माहीत नाही. कोणा परक्या माणसाला एक दुआ जास्त मिळाली असेल, तर त्यात कोणाचे काय बिघडले?

मी योग्य केले, असे माझे मत आहे. त्या क्षणी दुसरा कोणी असता तर त्याने त्या पोराला त्या मैदानात नुसते उभे ठेवले असते. परतीच्या वाटेवर जासिम शांत होता आणि मी खिडकीतून बाहेर पाहत होतो. माझी सर्व कारणे तयार होती, एकामागून एक, नीट रचलेली. दुकान येईपर्यंत मी वाट पाहत होतो, उस्मानभाई, की तुम्ही आता काहीतरी बोलाल.